बाहेर बसून पाहिलेलं शहर

"फुकटात शहर पाहाले गेली, अन् जीव देऊन आली."

बिरसी गावात, तेरवीच्या घराच्या अंगणात दोन बाया भाताचं मोठं गंज राखेनं घासत होत्या. मी रांजणाशी हात धुवायला थांबले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"कलकत्त्याच्या नळाचं पाणी बाधलं म्हणते," दुसरी म्हणाली. "अन् संगं भाची नेली होती. जवान पोरगी. घरच्यायनं जाऊ कशी दिली?"

"त्यायच्या घरी सारंच इंग्रजी हाय बाप्पा."

दोघी हसल्या. मग एकीनं मान वळवली, मला पाहिलं आणि घाईघाईनं लोटा भरून पुढे केला. "घे बाई, घे. जेवली का?"

मी मान हलवली. जेवले नव्हते, पण नाही म्हटलं असतं तर बोलावं लागलं असतं.

आत्या, तुझ्या तेरवीला आम्ही पाहुणे होतो. आईला आणि मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं, आग्रह करकरून वाढलं. बिरसी तुझं सासर खरं, पण तू तिथे राहिलीस किती? एक पावसाळा आणि एक हिवाळा, असं तूच सांगायचीस. नवरा गेला आणि बाबा तुला बैलगाडीत बसवून गोंदियाला घेऊन आले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आईनं मला जन्म दिला आणि तू न्हाऊ घातलंस, असं आई अजून सांगते. तरी तू गेलीस त्या सकाळी बाबांनी आधी बिरसीला माणूस धाडला. तुझ्या दिराचा मुलगा आला, 'आमची काकू' म्हणाला, त्यानं अग्नी दिला. वाईट माणूस नाही तो. रडलासुद्धा. पद्धत तशी आहे, त्याला तो तरी काय करणार?

त्या बायांना मी काय सांगणार? डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. तो कुठून आला हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. धर्मशाळेच्या नळाचं पाणी आपण दोघीही प्यायलो. मी धडधाकट आहे. हा विचार मी कुठूनही धरला तरी बोटाला लागतो.

आणि त्या बोलण्यात माझं नागपूरही बुडत होतं. मॅट्रिक झाल्यावर मी नागपूरच्या कॉलेजात जायचं, हे ठरवलंस तू. बाबा म्हणाले होते, वसतिगृह परवडणार नाही आणि एकटी मुलगी खोली घेऊन राहत नाही. तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "एकटी कायले? मी राहीन ना तिच्यासंगं. कलकत्ता हिंडली ते पोरगी, तिले नागपूर काय खाते?" बाबा हसले. बाबा हसले म्हणजे हो म्हणाले, हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. आता सोबत राहणारी तूच नाहीस, आणि अंगणात बाया म्हणतात, शहरानं खाल्लं.

बाबा मालधक्क्यावर कारकून म्हणून आपल्याला वर्षाला रेल्वेचा पास. अवलंबून असलेली विधवा बहीण त्या पासावर चालते. बाकी कोणी धरो न धरो, रेल्वेनं तुला आमच्या घरात धरलं होतं. शेजारची माणसं पासावर काशी-प्रयाग करून यायची. तू पहिल्यांदा कलकत्त्याचं नाव काढलंस तेव्हा आईनं विचारलं, "कालीमाईले का?"

"माई भेटली तं भेटली," तू म्हणालीस. "मले तो पूल पाहाचा हाय. एवढी मोठी नदी, अन् पाण्यात एक खांब नाई म्हणते."

नाताळची सुट्टी माझ्या शाळेला असायची, म्हणून आपण नाताळात जायचो. तुझं गाठोडं मला पाठ आहे: भाजलेले पोहे, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, तांदूळ, आणि सगळ्यांत खाली गुंडाळलेला बोरा. धानाचं ते रिकामं, स्वच्छ धुतलेलं पोतं पाहून मला वाटायचं, हा कशाला? दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडारीचा खेळ पाहायला जाताना घरोघरचे लोक बसायला आपापला बोरा नेतात, तसा तू कलकत्त्यालाही नेलास. तुझ्या दृष्टीनं दोन्हींत फारसा फरक नव्हता. लोक जमतात, काही तरी पाहायला मिळतं, आणि बसायची सोय ज्याची त्यानं करायची.

स्टेशनजवळच्या धर्मशाळेत तीन रात्री राहू देत. अंगणात विटांची चूल होती. सकाळी भात करून, डब्यात घालून आपण निघायचो. तू वाट पुरुषांना विचारत नसायचीस. "पोर कडेवर असन त्याच बाईले विचाराचं," तू म्हणायचीस, "तिले खोटं सांगाले टाईम नसते." तुझी गोंदियाची हिंदी आणि त्यांची बंगाली यांत काय देवाणघेवाण व्हायची देवाला ठाऊक, पण आपण पोचायचो. ट्रामच्या मागच्या, स्वस्त डब्यात खिडकी धरायची आणि थेट शेवटापर्यंत जायचं. मी पहिल्या दिवशी घाबरून विचारलं होतं, "आत्या, हरवलो तर?"

"हेच गाडी परत येते ना? मंग हरवन कोण?"

असं आपण ते शहर पाहिलं. पांढरी संगमरवरी इमारत तू बागेतून पाहिलीस, आत गेली नाहीस. म्हणालीस, बाहेरूनच एवढी दिसते, आत गेल्यावर तर ती दिसणारच नाही. पुलावर मधोमध उभी राहून खाली खांब शोधलेस आणि नाही सापडले तेव्हा एखादी पैज जिंकल्यासारखी हसलीस. नाताळचे दिवे लागलेल्या दुकानांसमोरून आपण संध्याकाळी नुसत्या चालायचो. काचेआडच्या एका मेमसाहेबी टोपीकडे बघून तू म्हणालीस, "हे डोक्यात घालाची का वाढून ठेवाची?" जादूघरात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, मिसर देशातली कापडात गुंडाळलेली बाई होती. लोक तिच्याभोवती गर्दी करून होते. तू बराच वेळ पाहिलंस, मग मला हळूच म्हणालीस, "हिची तेरवी कोणी केली नाई वाट्टे व. राहून गेली बिचारी." मला हसू आवरेना. पहारेकरी बघायला लागला तेव्हा मी तुझ्या पदराआड तोंड लपवलं.

परवा बिरसीला पंगतीत बसले असताना मला तेच आठवलं, आणि हसू आलं, आणि मग घास उतरेना.

गाण्याच्या मंडपाची गोष्ट मी शाळेत कोणाला सांगितली नव्हती. थंडीत तिथे मोठमोठ्या बैठका होतात, तिकीट आपल्या आवाक्यातलं नसतं. त्या संध्याकाळी आपण ट्राममधून उतरून चालत होतो, तर एका मोठ्या मंडपाबाहेर फुटपाथवर ओळीनं माणसं बसलेली. शालीतले म्हातारे, कॉलेजातली मुलं, एक बाई मांडीवर मूल घेऊन. तू माझा हात धरलास. "सुमे, काई तरी हाय." आणि कोणाला काही न विचारता तू बोरा काढलास, झटकलास, पसरलास आणि रस्त्याकडे तोंड करून बसलीस. मंडईत खेळ माणसांच्या मधोमध होतो. तेव्हा इथेही तो रस्त्यावरच होणार, हे तू धरून चाललीस. सगळा फुटपाथ मंडपाकडे तोंड करून आणि तू एकटी उलट, ट्रामच्या रुळांकडे बघत.

मला वाटलं जमीन दुभंगावी.

शेजारचे म्हातारेबाबा वाकून म्हणाले, "माँ, गाना तो भीतर में होता है."

त्याच वेळी आलाप सुरू झाला. समोरच्या विजेच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून, रस्त्याच्या पलीकडून. तू बोट दाखवलंस. "बाबा, आवाज तो उधर से आता है. फिर मुँह काहे को फिराना?"

म्हातारेबाबा खांबाकडे पाहत राहिले. मग हसत हसत त्यांनी आपली चटई उचलली आणि तुझ्याशेजारी रस्त्याकडे तोंड करून बसले. दोन मुलंही वळली. त्यांनी शेंगदाण्याचा पुडा पुढे केला, तू लाखोळीचा वडा दिलास. मी मात्र ना धड इकडे ना धड तिकडे, आडवी बसले होते. गाणं काय होतं ते मला कळलं नाही. आवाज खाली उतरत यायचा आणि एका जागी थांबायचा, तिथे फुटपाथवरची सगळी माणसं एकदम मान हलवायची, आणि तूही. तुला कसं कळायचं कुठे हलवायची? मी विचारायचं ठेवून दिलं होतं. असं बरंच ठेवून दिलं होतं.

या वर्षी आपलं भांडण झालं. तेच ठिकाण, सकाळची बैठक. शाळेत मला निबंधाच्या बक्षिसाचे पैसे मिळाले होते, ते मी रुमालात बांधून आणले होते. सकाळच्या बैठकीची मागची तिकिटं त्यात येत होती. मी म्हटलं, "आत्या, आज आत जाऊ."

"कायले?"

"खुर्चीवर बसून ऐकू. एकदा तरी."

"बाहेर का कानाले कमी येते? ते ठेव. नागपुरात भाजीले होईन."

मी रागावले. माझा राग दिसत नाही, तो फक्त गप्प होतो, आणि तू तो बरोब्बर ओळखायचीस. बाहेरच ऐकून परतलो, तेव्हा होडीनं नदी ओलांडताना तू मला नाना गोष्टी दाखवल्यास, घाटावरचा पैलवान, पोहणारी म्हैस. मी हं-हं करत राहिले. शेवटी तू विचारलंस, "आत जाऊन असं काय वेगळं दिसते व?"

"दिसतं," मी म्हटलं. "गाणाऱ्याचं तोंड दिसतं. आपण सगळं बाहेरून का पाहायचं आत्या? कोणी सांगितलंय आपल्याला बाहेर बसायला?"

तू पदर सावरून पाण्याकडे वळलीस. होडी काठाला लागली, आपण उतरलो. मला वाटलं, तुला लागलं. परतीच्या गाडीत, डोंगरगड गेल्यावर, तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "तू जाशीन आत. मंग मले सांगजो, गाताना तोंड कसं करते तो."

मी हो म्हणाले नाही. अजून राग होता माझा थोडा. आणि मला वाटत होतं, हे भांडण नागपूरच्या खोलीत पुढे चालेल, रोज संध्याकाळी थोडं थोडं. मी म्हणणार, आत जाऊ. तू म्हणणार, कायले. तुझं खरं की माझं, हे मला आजही सांगता येत नाही. तू बाहेर बसून ऐकलंस त्यात काही कमी होतं असं म्हणवत नाही. पण आयुष्यभर बाहेर बसायची सवय तुला कोणी लावली, हे विचारल्याशिवाय राहवतही नाही. सणाला सवाष्णींच्या पंगती उठल्यावर तू जेवायचीस. हळदीकुंकवाला आतल्या खोलीत जायचीस. मग कलकत्त्यात फुटपाथ दिसला की तो तुला घरासारखा वाटायचा, यात नवल ते काय?

घरी आल्यावर आठवडाभरानं ताप आला. आधी तू तो मानलाच नाहीस. पौष संपला, माघ लागला, आणि तू खाटेवरून उठेनाशी झालीस. तापात तू खोली शोधत होतीस. "सुमे, खोलीले खिडकी पाहिजे. रस्त्याची." एकदा म्हणालीस, "वरच्या माळ्यावर घेजो, खालून कोणी डोकावते." मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत हो हो म्हणायची. तेव्हा मी सगळ्याला हो म्हणत होते. गाडीतल्या त्या एका गोष्टीला तेवढं म्हणायचं राहिलं.

बाबांनी विचारलं होतं एकदा, दाराशी उभं राहून, "आक्का, कायले गेली व एवढ्या दूर?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "पास होता ना गा." बाबा बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. ते हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. त्यांना तरी कळलं असेल का?

काल काकाजी आले होते, कामठ्याचे. बाबांचे थोरले चुलतभाऊ. घरातलं लग्नकार्य त्यांच्या शब्दावर ठरतं. ओसरीवर बाबा आणि ते, उंबऱ्याशी आई, आणि मी आत भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली. कामठ्यातच स्थळ होतं. घरची शेती, मुलगा सातवी पास, माणसं चांगली.

"परीक्षा देऊ द्या पोरीले," काकाजी म्हणाले. "अन् वैशाखात उरकून टाका."

आई म्हणाली, "घरात मौत झाली ना काकाजी. वर्ष नाई पाळाचं का?"

आपल्याकडे घरचं माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य होत नाही. पापड-कुरडया होत नाहीत, दिवाळीला तळण होत नाही, नवं कापड येत नाही. आजी गेली तेव्हा तूच ते सगळं सांभाळलं होतंस, एकेक गोष्ट लक्षात ठेवून.

"घरात कुठं?" काकाजी म्हणाले. "बिरसीवाल्यायच्या घरची मौत ते. अग्नी त्यायनं देला, तेरवी त्यायनं केली. माहेरच्याले तीन दिवसाचं सुतक, ते फिटलं. वर्षाचा आपल्यासंगं संबंध नाई."

"अन् बिरसीवाले?" बाबांनी विचारलं. "त्यायच्याही पोरीचं लग्न हाय ना या सालीच?"

"त्यायनं वर्षाचे विधी तेरवीसंगंच उरकून घेतले. मोकळे झाले. शहाणे हायेत. आता तुमी काऊन अडकून राहता?"

माझ्यासमोर नकाशा उघडा होता आणि मी त्यातली एकही नदी वाचू शकत नव्हते.

दोन घरं, आत्या. आणि तुझं वर्ष पाळायला एकही नाही. बिरसीनं हक्क सांगून तुला नेलं आणि तेरा दिवसांत मोकळी झाली. आम्ही तर तुझं काही लागतच नव्हतो म्हणे. वैशाखात दोन्हीकडे मांडव पडतील, वाजंत्री वाजेल, आणि तू त्या कापडात गुंडाळलेल्या बाईसारखी मध्येच राहून जाशील.

मला राग आला. पण खरं लिहायचं तर त्या रागाच्या पोटात दुसरंही काही होतं, आणि ते तुझ्यापासून कशाला लपवू? आम्ही तुझं वर्ष पाळलं तर वैशाखात माझं लग्न होणार नाही. कामठ्याचं स्थळ वर्षभर थांबणार नाही. जूनमध्ये कॉलेज उघडेल. तुझ्या जाण्याचाही मी पास करून घेत होते का? हे दुःख होतं की हिशेब, मी काल रात्रभर तपासत राहिले. दोन्ही एकमेकांत इतके कालवले गेले आहेत की वेगळे निघत नाहीत. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचाही मला भरवसा वाटत नाही. कधी वाटतं तू हसली असतीस. कधी वाटतं, म्हणाली असतीस, माझ्या नावानं काई मागू नको व.

पण ते सगळं नंतरचं. तेव्हा काकाजी काठी घेऊन उठायला लागले होते. "तं मी हो म्हणून सांगतो त्यायले," असं म्हणत होते, आणि बाबा खाली बघत मान हलवणार होते. मी उठले. आईला ओलांडून ओसरीवर गेले. काकाजींसमोर मी आजवर चहा ठेवून परत फिरले आहे, तेवढंच.

मी काहीतरी बोलले. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय म्हणते पोरगी?" काकाजींनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. पण त्यांनी माझ्या वतीनं सांगितलं नाही, नुसते पाहत राहिले. शाळेत कविता म्हणताना बाई सांगतात तसा मी श्वास घेतला, आणि तुझ्या बोलीत, मोठ्यानं म्हणाले,

"आत्या आपल्या घरची होती काकाजी. तिचं वर्ष या घरात पाळाचं. कोणी नाई पाळलं तं मी पाळीन, नागपुरात राहून पाळीन."